अचानक ठरलेली नदीची सहल: एक होडी, एक रात्र, दोन दिवस

"उद्या निघू या?" असं कुणीतरी विचारतं आणि तासाभरात सगळे हो म्हणून मोकळे होतात. होडी घ्यायची, धारेबरोबर खाली जायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठरलेल्या जागी उतरायचं. महिनाभर आधी आखलेल्या सहलींपेक्षा मला अशा सहली जास्त प्रिय आहेत, कारण त्या खरोखर होतात.

पण सुरुवातीच्या दोन-तीन वेळा आम्ही ज्या चुका केल्या, त्यांतल्या एकदोन जिवावर बेतता बेतता राहिल्या. सगळ्यांचं मूळ एकच होतं. निघायच्या घाईत आम्ही नदीही घाईतच निवडली होती. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून बसलो आहे: अचानक ठरावा तो दिवस, नदीचा टप्पा, अंतर आणि सामान आधीपासून ठरलेलं असावं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. शांत पाण्यात थोडंफार वल्हवलेलं आहे, पण होडीतून मुक्कामाला कधी गेला नाहीत, अशा लोकांसाठी तो आहे. पोहता येत नसेल किंवा वल्हं कधी हातातच धरलं नसेल, तर आधी जाणत्या माणसाबरोबर संथ पाण्यात दोन-चार दिवस घालवा. ही सहल त्यानंतरची.

१. टप्पा आधीच निवडून ठेवा

सवडीच्या वेळी नकाशा घेऊन बसा आणि दोन किंवा तीन टप्पे ठरवून वहीत लिहून ठेवा. आदल्या रात्री नवी नदी शोधू नका. प्रत्येक टप्प्याबद्दल पाच गोष्टी माहीत हव्यात: होडी पाण्यात कुठे सोडायची, कुठे बाहेर काढायची, मध्ये कुठे उतरता येईल, वाटेत बंधारा, धरण किंवा कमी उंचीचा पूल आहे का, आणि काठावर मुक्कामाला परवानगी आहे का.

खळाळाची अवघडता जगभर १ ते ६ अशा श्रेणीत मोजतात. १ म्हणजे हलत्या पाण्यावर छोट्या लाटा आणि जवळजवळ मोकळी वाट. ६ म्हणजे निष्णात माणसांनीही दहादा विचार करावा असं पाणी. मुक्कामाचं सामान भरलेल्या होडीतून पहिल्यांदा जाताना १च्या वर जाऊ नका. २ श्रेणीचं पाणी रिकाम्या होडीत मजेचं वाटतं, पण भरलेली होडी वळायला उशीर लावते.

शक्य असेल तर तोच टप्पा आधी एकदा दिवसभराच्या फेरीत करून बघा. ओळखीच्या नदीवर झटपट निघण्यात धोका फार कमी असतो.

२. पाणी आणि हवा बघून "नको" म्हणायला शिका

निघायच्या आदल्या संध्याकाळी दोन गोष्टी बघा. पहिली, हवामानाचा अंदाज, आणि तोही तुमच्या टप्प्याचा आणि वरच्या बाजूच्या खोऱ्याचा, दोन्हींचा. तुमच्या डोक्यावर स्वच्छ आकाश असताना वर पडलेला पाऊस काही तासांनी तुमच्यापर्यंत पोचतो. दुसरी, पाण्याची पातळी. वर धरण असेल तर पाणी कधी सोडणार आहेत ते विचारून घ्या. हे विचारायचा कंटाळा केलात, तर रात्री तंबूत डोळा लागणार नाही.

काठावर पोचल्यावर पाण्याची ओढ स्वतः मोजा. काठावर दहा पावलांचं, म्हणजे साधारण सात-आठ मीटरचं अंतर धरा, वरच्या टोकाला पाण्यात काडी टाका आणि तिच्याबरोबर काठाने चाला. रमतगमत चालत तिच्या बरोबर राहता आलं तर पाणी तुमच्या आवाक्यातलं आहे. झपाझप चालावं लागलं तर दोनदा विचार करा. पळावं लागलं तर घरी जा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे "थोडंसंच जास्त दिसतंय" ही समजूत फसवी आहे.

पाणी गढूळ होऊन त्यावर काटक्या, पानं, फेस वाहत येत असेल, तर नदी चढते आहे. अशा वेळी होडी पाण्यात सोडायचीच नाही.

थंड पाण्याचं भय वेगळं. पाणी शरीरातली ऊब हवेच्या जवळपास पंचवीस पट वेगाने खेचून घेतं. त्यासाठी १-१०-१ असा एक ठोकताळा सांगतात: बर्फासारख्या थंड पाण्यात पडल्यावर श्वास ताळ्यावर यायला १ मिनिट लागतं, हातपाय नीट चालतात ती सुमारे १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला साधारण १ तास. पहिल्या मिनिटात धाप लागते आणि नाकातोंडात पाणी जातं, म्हणून लाइफ जॅकेट अंगात हवं. कपडे हवा बघून घालू नका, पाण्यात हात घालून बघा आणि त्याप्रमाणे घाला.

३. अंतर ठरवा आणि मग ते निम्मं करा

संथ पाण्यावर नवखा माणूस वल्हवत असताना तासाला ४ किलोमीटर जातो. मधले थांबे, खाणं, फोटो, चुकलेलं वळण, समोरून येणारा वारा हे सगळं धरलं तर हिशेबाला ३च उरतात. शिवाय पहिल्या दिवशी गाड्यांची ने-आण आणि होडी भरणं यातच सकाळ संपते. तुम्ही कितीही लवकर उठलात तरी अकराच्या आधी पाण्यावर जाणं कठीण. म्हणून पहिल्या दिवशी ८ ते १० किलोमीटर आणि दुसऱ्या दिवशी ६ ते ८, एवढंच ठेवा. कमी वाटेल. पण मुक्कामाला उजेडात पोचलात की उरलेल्या वेळेचं चीज होतं.

४. गाडी, किल्ली आणि परत यायची सोय

नदी तुम्हाला एका जागी सोडते आणि गाडी दुसऱ्याच जागी उभी असते. यावर उपाय तीन. दोन गाड्या असतील तर सामान आणि माणसं वर, होडी सोडायच्या जागी, उतरवा, दोन्ही गाड्या खाली न्या, एक तिथे ठेवा आणि दुसरीने परत या. एकच गाडी असेल तर खालच्या टोकाला सायकल कुलूप लावून ठेवा आणि शेवटी एकाने सायकलवरून गाडी आणायला जा. तिसरा उपाय म्हणजे होडी भाड्याने देणाऱ्यांनाच वर सोडायला सांगणं. भाड्याचीच होडी असेल तर हेच सोपं.

आता किल्लीबद्दल. दुसऱ्याच सहलीत आम्ही खाली उतरलो, होडी काठावर ओढली, अंगावरचे कपडे पिळले, आणि मावसभाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, किल्ली दे ना." खालच्या गाडीची किल्ली वरच्या गाडीत, माझ्या कोरड्या पँटच्या खिशात होती. सकाळी कपडे बदलताना ती पँट मी घडी घालून मागच्या सीटवर ठेवली होती. ओल्या कपड्यांत आम्ही अंधार पडेपर्यंत चालत होतो आणि त्याचे ओठ निळसर पडले होते. तेव्हापासून खालच्या गाडीची किल्ली एका छोट्या जलरोधक पिशवीत घालून लाइफ जॅकेटच्या चेन असलेल्या खिशात, आतल्या कडीला अडकवलेली असते. होडी पाण्यात ढकलण्याआधी एकजण मोठ्याने विचारतो "किल्ली?" आणि दुसरा खिशावर हात ठेवून "आहे" म्हणतो. मनातल्या मनात आठवून चालत नाही, हात लावून बघा.

५. मागे राहणाऱ्या एका माणसाला लिहून द्या

अचानक निघणाऱ्यांच्या हातून हमखास राहणारी पायरी हीच. घाईत कुणालाच काही सांगितलेलं नसतं. एका भरवशाच्या माणसाला एवढं लिहून पाठवा: कोण कोण आहेत, होडी कुठून सोडणार, कुठे काढणार, होडीचा आणि तंबूचा रंग, मुक्काम साधारण कुठे, गाडीचा नंबर, परत कधीपर्यंत, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. वेळ लिहिलेली नसली की घरचा माणूस "येतील थोड्या वेळात" असं म्हणत बसतो आणि रात्र होते. आणि काठावर उतरलात की त्या माणसाला आधी फोन करा, मग पुढचं सगळं.

६. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं थोडीच, पण ती विसरली की सहल काठावरच संपते:

- प्रत्येकाचं ओळखपत्र
- त्या भागात लागत असेल तर नौकानयनाची आणि मुक्कामाची परवानगी. जमीन खासगी असेल तर मालकाची संमती
- होडीच्या भाड्याची पावती, आणि जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे नोंदणीचा कागद
- ॲलर्जी आणि चालू औषधांची चिठ्ठी
- नकाशाची छापील प्रत, जलरोधक पिशवीत

या सगळ्यांचे फोटो फोनमध्येही ठेवा. पण फोन बुडू शकतो, म्हणून कागद हवेतच.

सामानाबद्दल माझं मत ठाम आहे: एक पिशवी कायम भरलेली ठेवा. अचानक निघता येणं या पिशवीवरच अवलंबून आहे. दर वेळी घरभर शोधाशोध करून भरलेल्या पिशवीत काहीतरी राहतंच, आणि ते बहुधा हेडलॅम्प नाहीतर काडेपेटी असतं.

पाण्यावर लागणारं:

- प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट. बकल लावल्यावर खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीच्या वर सरकलं तर सैल आहे. वल्हवणाऱ्यांसाठीच्या जॅकेटवर निदान ५० न्यूटन (तरंगवण्याच्या जोराचं माप) असं लिहिलेलं असतं. हे जॅकेट पोहणाऱ्याला तरंगायला मदत करतं. बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्याची खात्री ते देत नाही.
- जॅकेटला बांधलेली शिट्टी. तीन फुंकरी म्हणजे मदत हवी.
- एक जादा वल्हं, होडीत हाताशी
- पाणी उपसायला डबा आणि मोठा स्पंज
- १५ मीटर तरी तरंगणारा दोर आणि पटकन उघडणारा चाकू
- टाच बंद असलेली पादत्राणं. चपला पाण्यात पहिल्याच मिनिटात जातात.

मुक्कामाला लागणारं:

- तंबू, मेखा, खाली अंथरायला कापड
- स्लीपिंग बॅग आणि मॅट. मॅट वाचवू नका. अंगाखाली दबलेली स्लीपिंग बॅग ऊब धरत नाही आणि रात्रभर जमीन गारवा देत राहते.
- लोकर किंवा सिंथेटिक कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोजे आणि टोपीसकट. ओला सुती कपडा ऊब देत नाही. हा जोड फक्त झोपताना घालायचा, आधी नाही.
- हेडलॅम्प प्रत्येकाला एक
- चूल, इंधन, दोन जागी ठेवलेल्या काड्या किंवा लायटर
- प्रथमोपचार पेटी, छोटी कुदळी, कचऱ्याच्या पिशव्या

ड्राय बॅग, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशव्या, नसतील तर जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घालून साध्या सॅकच्या आत ठेवा. ड्राय बॅगमधली हवा दाबून काढा, तोंडाची पट्टी निदान तीनदा गुंडाळा आणि मगच बकल लावा. एकदाच गुंडाळलेली पिशवी पाण्यात सुटते आणि आतली स्लीपिंग बॅग तुम्हाला रात्री ओली मिळते.

फोन फ्लाइट मोडवर टाकून बॅटरी राखा आणि नकाशा आधीच उतरवून घ्या. ११२ हा आपत्कालीन क्रमांक बऱ्याच देशांत चालतो, पण दरीत रेंज नसेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणूनच पाचवी पायरी.

७. होडी कशी भरायची

जड सामान तळाशी आणि मधोमध. हलकं टोकांना. काठावर उभं राहून तरंगती होडी बाजूने बघा: पुढचं टोक खाली दबलेलं असेल तर ती सरळ जाणार नाही, सारखी भिरभिरेल. मागचं टोक किंचित खाली असलं तर चालतं. सामानाचा ढीग होडीच्या कडेपेक्षा फार वर येऊ देऊ नका, वारा तो पकडतो.

सगळ्या पिशव्या होडीला बांधा, पण लोंबती दोरी कुठेही ठेवू नका. उलटल्यावर पाय अडकतो तो याच दोरीत. आणि स्वतःला होडीला बांधू नका, कधीही नाही. उभं राहून वल्हवायचा बोर्ड वापरत असाल तर वाहत्या पाण्यात घोट्याला पट्टा नको. एका ओढीत सुटणारा कमरेचा पट्टा घ्या. हवेची होडी दुपारी उन्हात काठावर ओढून ठेवताना थोडी हवा सोडा, तापली की आतला दाब वाढतो.

८. पाण्यावर

हात पुढे नेऊन ओढत राहिलात तर तासाभरात खांदे भरून येतात. वल्हं पाण्यात बुडवा आणि पाठ, कंबर वळवून मागे आणा. दोघे असाल तर पुढचा ताल धरतो आणि मागचा दिशा सांभाळतो. कोण मागे बसणार ते काठावरच ठरवा, पाण्यावर त्यावरून वाद नको.

नदी वाचायला शिकणं हा या सगळ्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान असतं, आतल्या बाजूला उथळ आणि वाळूचं. पाण्यावर इंग्रजी व्हीसारखा आकार दिसला तर त्याचं टोक बघा. टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन खडकांमधली मोकळी वाट आहे. टोक तुमच्याकडे असेल तर तिथे पाण्याखाली दगड आहे. खडकामागे शांत पाणी असतं, थांबायला आणि दम खायला जागा तीच. सोबत्याला हाक मारताना "डावीकडे, उजवीकडे" म्हणजे खाली वाहणाऱ्या पाण्याकडे तोंड करून, असं आधीच ठरवून घ्या.

चार सापळे लक्षात ठेवा.

*पडलेलं झाड.* वळणाच्या बाहेरच्या बाजूला बहुधा असतं, कारण तिथलाच काठ ढासळतो. पाणी फांद्यांमधून आरपार जातं, माणूस तिथेच अडकतो आणि मागचं पाणी त्याला दाबत राहतं. लांबूनच आतल्या काठाकडे वळा. तरीही पाण्यात पडून त्याच्याकडे ओढले गेलात, तर पालथे होऊन जोराने त्याच्याच दिशेने पोहा आणि खोडावर चढा. पाय पुढे ठेवून त्यात जाऊ नका.

*बंधारा.* वरून तो दिसतच नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला फक्त पाण्यावर एक आडवी सरळ रेघ दिसली. रेघेच्या पलीकडची झाडं बुंध्यापासून दिसत नव्हती, मध्यापासून वर दिसत होती. पाणी रेघेपाशी काचेसारखं गुळगुळीत होतं आणि आवाज दबका, लांबून गाडी गेल्यासारखा. आम्ही काठाला लागलो, चालत पुढे गेलो आणि खाली बघितलं. जेमतेम कमरेएवढी उंची. पण पायथ्याशी पाणी परत बंधाऱ्याकडेच गुंडाळत होतं आणि त्यात सापडलेला एक ओंडका बुडत होता, वर येत होता, पुन्हा आत ओढला जात होता. आम्ही खाऊन उठेपर्यंत तो तिथेच होता. बंधारा कितीही बुटका असला तरी होडी उचलून काठाने न्या.

*उभं राहायचा मोह.* पडलात तर वाहत्या पाण्यात पाय टेकवून उभं राहू नका. पाऊल दोन दगडांत अडकलं की पाणी तुम्हाला पुढे लोटून वाकवतं. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पावलं पाण्याच्या वर, आणि हात मारत काठाकडे सरका. पाणी गुडघ्याच्या खाली आलं की मगच उभे राहा.

*आडवी लागलेली होडी.* होडी खडकावर आडवी आदळली तर आपोआप माणूस खडकापासून लांब झुकतो. नेमकं उलटं करा, खडकाकडे झुका. लांब झुकलात तर पाणी येतं त्या बाजूची कड पाण्यात जाते आणि होडी भरते. आणि पाण्यात असाल तर प्रवाह येतो त्या बाजूला, होडीच्या मागे राहा; पाण्याने भरलेली होडी शेकडो किलोंची होते, तिच्या आणि खडकाच्या मध्ये सापडू नका.

उलटल्यावर क्रम ठरलेला: आधी माणसं मोजा, मग होडी, मग वल्ही, सामान सगळ्यात शेवटी. वाहून गेलेल्या पिशवीमागे कोणी पोहत जायचं नाही.

गडगडाट ऐकू आला की काठाला लागा. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर ती लांब आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास पाण्यावर जायचं नाही. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका.

९. मुक्कामाची जागा

सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी जागा शोधायला लागा. "पुढच्या वळणावर याहून चांगली असेल" या आशेवर आम्ही एकदा तीन वळणं गेलो आणि तिन्हीसांजेला चिखलात उतरलो. पुरेशी चांगली जागा दिसली की उतरा.

जागा बघताना आधी वर बघा, मग खाली. वर वाळलेली, अर्धवट तुटून लटकलेली फांदी असेल तर तिथे तंबू नको. मग आजूबाजूच्या झुडपांकडे बघा. फांद्यांत अडकलेलं वाळकं गवत, चिंध्या, प्लॅस्टिक दिसतंय का? मागचं पाणी तिथवर चढलं होतं. तंबू त्या रेघेच्या वर हवा. नदीमधल्या वाळूच्या बेटावर झोपायची इच्छा सगळ्यांनाच होते. पाणी चढलं तर तिथून बाहेर पडायला वाट नसते. शक्य असेल तर काठापासून ६० मीटर तरी आत जा. पाण्याला लागून खोलगट जागेत थंड हवा साचते आणि सकाळी तंबू आतून ओलाचिंब होतो.

होडी पूर्ण वर ओढा, पालथी करा आणि दोन दोरांनी वेगवेगळ्या झाडांना बांधा. वल्ही आणि जॅकेटं तिच्याखाली. मग पाण्याच्या अगदी कडेला एक काडी रोवा. हे मला एका सहलीने शिकवलं. झोपण्याआधी रोवलेली काडी रात्री लघवीला उठलो तेव्हा दिसेना. हेडलॅम्प फिरवला तर ती काठापासून दोन हात आत, पाण्यात, फक्त टोक वर. पाऊस नव्हता, वारा नव्हता, आवाजही बदलला नव्हता. होडीच्या मागच्या टोकाखाली पाणी चमकत होतं. भावाला उठवलं, दोघांनी होडी आणखी वर नेली, तंबू उचलून तसाच उंचावर ठेवला आणि पहाटेपर्यंत आळीपाळीने जागे राहिलो. सकाळी काडी पुन्हा कोरडी होती. काडी रोवली नसती तर होडी गेलेली सकाळीच कळली असती.

१०. चूल, पाणी आणि बाकीचं

पाऊस असला, थंडी असली, तरी चूल तंबूच्या आत पेटवायची नाही. जळणाऱ्या इंधनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत कळत नाही. जेवण असं ठेवा की चूल पेटलीच नाही तरी एक वेळ निभावेल. शेकोटीला परवानगी असेल तर ती लहान ठेवा, निजण्याआधी पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता, आणि हात लावून थंड लागेपर्यंत उठू नका.

पिण्याचं पाणी माणशी ३ ते ४ लिटर घरूनच घ्या. नदीचं प्यावं लागलं तर गाळ बसू द्या, कापडातून गाळा आणि खळखळून उकळी आल्यावर पूर्ण १ मिनिट उकळा. २००० मीटरहून उंच जागी ३ मिनिटं. क्लोरीनच्या गोळ्या बऱ्याच जंतूंवर चालतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब लावणाऱ्या परजीवीवर त्या भरवशाच्या नाहीत. पाण्यावर हिरवा-निळा तवंग असेल किंवा वर कारखाने असतील, तर उकळूनही ते पिऊ नका. विष उकळण्याने जात नाही.

शौचाला पाण्यापासून, वाटेपासून आणि तंबूपासून ६० मीटर लांब जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि बुजवा. भांडी नदीत घासायची नाहीत, पाणी वर आणून घासा. खाण्याचं सामान तंबूत न ठेवता बंद डब्यात, लांब ठेवा.

११. सकाळी

पहाटे नदीवर धुकं असेल तर घाई करू नका. ते निवळेपर्यंत समोरचा खडक दिसत नाही आणि तुम्हीही कुणाला दिसत नाही. चहा घ्या, काडी बघा, पाण्याचा रंग कालचाच आहे का ते बघा. पातळी वाढली असेल तर नकाशात खुणावलेली मधली उतरायची जागा हीच आजची शेवटची जागा.

निघण्याआधी सगळ्यांनी तंबूच्या जागेवर एक फेरी मारा, खाली बघत. मेख, प्लॅस्टिकचा तुकडा, काडेपेटीची काडी, सगळं उचला. दुपारी वारा वाढतो म्हणून मोठे, उघडे टप्पे सकाळीच उरका.

कोणी थरथरत असेल, बोलताना अडखळत असेल, बटण लावता येत नसेल, तर "ऊन येईल आता" म्हणून वल्हवत राहू नका. काठाला लागा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, टोपी घाला, गोड गरम काहीतरी घोट घोट द्या. त्याची थरथर थांबली पण तो सुस्तावला, तर तो बरा झालेला नाही. लगेच मदत बोलवा.

१२. परत आल्यावर, त्याच रात्री

निरोप देऊन झाला असेलच. आता कितीही दमलात तरी तंबू आणि स्लीपिंग बॅग पसरून टाका. ओला तंबू दोन दिवस पिशवीत राहिला की बुरशी धरतो आणि तो वास नंतर जात नाही. होडीचा तळ आणि वल्ही धुऊन पूर्ण सुकवा, म्हणजे एका नदीतली शेवाळं आणि जीव दुसरीत जात नाहीत.

मग कायमची पिशवी घ्या. संपलेल्या काड्या, गोळ्या, बँडेज भरा, हेडलॅम्प चार्ज करा किंवा बॅटऱ्या काढून बाजूला ठेवा. वहीत टप्प्याच्या नावापुढे चार ओळी लिहा: पाणी किती होतं, किती तास लागले, झाड कुठे पडलंय, कुठली जागा झोपायला चांगली होती. पिशवीची चेन लावा आणि ती दाराजवळ ठेवा.